300 एमबीपीएसचं बिल, 94 चा वेग आणि वरच्या खोलीतला अडखळणारा टीव्ही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

तुमच्या कॉल सेंटरने आज दुपारी माझी तक्रार 'ग्राहकाच्या संमतीने' बंद केली. ती संमती कोणी दिली ते शोधा. मी दिलेली नाही.

काम एवढंच होतं: फायबर इंटरनेटचा प्लॅन 100 एमबीपीएसवरून 300 करायचा आणि वरच्या खोलीत दुसरा सेट-टॉप बॉक्स बसवायचा. त्यासाठी आलेल्या तुमच्या ठेकेदाराच्या पोरांनी धड चाललेली लाइनच बिघडवून ठेवली.

ओएनटी (फायबर येऊन लागतो तो घरातला डबा) हॉलमधून जिन्याजवळ हलवायचा म्हणून त्यांनी ड्रॉप वायर (खांबावरून घरात येणारी फायबरची वायर) कापली आणि पुढे नवा तुकडा जोडला. फायबरची टोकं वितळवून जोडणारं फ्यूजन (स्प्लायसिंग) मशीन आणलंच नव्हतं, म्हणून हाताने दाबायचे फास्ट कनेक्टर. तुमच्या लाइनवर सगळीकडे हिरवे एपीसी कनेक्टर आहेत, ज्यांचं टोक 8 अंशांत तिरकं घासलेलं असतं. यांनी एका बाजूला सपाट टोकाचा निळा यूपीसी लावून तो कपलरमध्ये, म्हणजे दोन कनेक्टर जोडायच्या तुकड्यात, खुपसला. तिरकं टोक सपाट टोकाला टेकत नाही, मध्ये फट राहते आणि सिग्नल तिथेच सांडतो. लाल लेझर पेन मारून बघा. निळ्या टोपीभोवती उजेड साठलेला दिसेल. वर ती वायर सरकत्या खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीतून काटकोनात वळवली आहे. खिडकी लावली की चेपते.

आधी रिसीव्ह पॉवर, म्हणजे ओएनटीपर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, उणे 19 डीबीएम होती (उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). ओएलटीने (तुमच्या केंद्रातल्या यंत्राने) अधिक 3 ने सोडलं, एका वायरीचा प्रकाश आठांत वाटणारे 1:8 चे दोन स्प्लिटर मिळून 21 डीबी गेले, उरलेला एखादा डीबी वायरीत आणि जोडांत, म्हणजे हिशोब बरोबर बसत होता. आता ती उणे 26.8 आहे. पूर्वी येणाऱ्या प्रकाशाचा जेमतेम सहावा हिस्सा. माझ्यासारख्या क्लास बी प्लस प्रकारच्या ओएनटीची मर्यादा उणे 27, तेव्हा खिडकी ओढली की एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लागतो आणि घरातलं सगळं बंद.

हे मी तुमच्या प्रतिनिधीला आकड्यांसह सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न: "सर, हिरवा लाइट आहे ना? मग नेट चालू आहे." मी म्हटलं, आत्ता आहे, पण पॉवर उणे 26.8 आहे. थोडी शांतता. मग, "सर, मायनसमध्ये दाखवतंय म्हणजे पेमेंट बाकी असेल, बिलिंगला ट्रान्सफर करते." आणि खरंच केलं! बिलिंगच्या साहेबांनी मन लावून खातं तपासलं आणि कळवलं की माझ्याकडे काहीही थकबाकी नाही, उलट पुढच्या महिन्याचे पैसेही जमा आहेत, त्यामुळे मायनसचा प्रश्नच येत नाही. "आणखी काही मदत करू शकतो का?" हेही विचारलं. मी पुन्हा तांत्रिक विभाग मागितला. तिथे सल्ला मिळाला की घरात भिंती जास्त असतील तर सिग्नल कमी होतो. फायबरचा सिग्नल, भिंतींमुळे! हा शोध लावणाऱ्याला बढती द्या, पण फोनवर बसवू नका. फोन ठेवल्यावर काही मिनिटांतच तक्रार बंद झाल्याचा एसएमएस आला.

आता 94 बद्दल. वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर वेग बरोबर 93-94 वर येऊन थांबतो, तेव्हा वाय-फायचा संबंधच नसतो. पोर्ट 100 वर अडकलेला असतो, हे तुमच्या नवशिक्या माणसालाही कळायला हवं. गिगाबिटला (1000 एमबीपीएसला) लॅन केबलच्या आठही तारा लागतात. जिन्यावरून नेलेल्या लॅन केबलच्या दोन्ही टोकांना केशरी आणि हिरवी अशा दोनच जोड्या कनेक्टरमध्ये दाबून बसवल्या आहेत. निळी आणि तपकिरी जोडी आरजे-45 कनेक्टरच्या मागे छाटून टाकलेली उघड दिसते. चार तारा वाचवून नक्की काय कमावलं? कनेक्टर तर तेवढेच लागले. 300 चे पैसे, वर 18 टक्के जीएसटी, आणि हातात 94.

टीव्हीचं तसंच. वरचा बॉक्स वायरऐवजी 2.4 गिगाहर्ट्झ वाय-फायवर टाकून दिला. लाइव्ह चॅनेल मल्टिकास्टने, म्हणजे एकच प्रवाह एकाच वेळी अनेकांना पाठवून, येतात, आणि साधे राउटर मल्टिकास्ट वाय-फायवर सगळ्यात कमी दराने सोडतात. हरवलेलं पॅकेट परत पाठवत नाहीत. म्हणून चित्राचे चौकोन होतात आणि आवाज तुटतो. बॉक्स बदलून काही होणार नाही, तेव्हा तो बदलायला माणूस पाठवू नका. वायर टाका, त्या पोर्टला आयपीटीव्हीचा (इंटरनेट वायरीवरून येणाऱ्या टीव्हीचा) व्हीलॅन, म्हणजे वेगळा मार्ग, बांधा, आणि चॅनेल मागणाऱ्या पोर्टलाच ते पाठवणारं आयजीएमपी स्नूपिंग चालू ठेवा.

दुरुस्ती अशी हवी. खांबावरच्या बॉक्सपासून ओएनटीपर्यंत जी.657ए2 (वळण सोसणाऱ्या फायबरचा प्रकार) ची एकसंध ड्रॉप वायर, मधे जोड नको, ही 7.5 मिलिमीटर त्रिज्येचं वळण सोसते, तरी खिडकीतून नको, भिंतीला भोक पाडून आणा. दोन्ही टोकांना फ्यूजन, कनेक्टर हिरवेच. पॉवर मीटरने 1490 नॅनोमीटरवर (घराकडे येणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीवर) मोजलेला आकडा कामाच्या पावतीवर लिहून द्या. उणे 22 च्या खाली असेल तर सही मिळणार नाही. वरच्या खोलीत कॅट-6 लॅन केबल, आठही तारांसह. आणि फरकाचे पैसे बिलात वळते करा, कारण 300 मला एकदाही मिळालेले नाहीत. 94 मिळाले, हे पुन्हा सांगतो.

सुरुवातीला हीच जोडणी तुमच्याच लाइनमनने फ्यूजन मारून, कनेक्टर अल्कोहोलने पुसून, मागे वायरचं ऐसपैस वेटोळं ठेवून दिली होती. तो माणूस आणि ते मशीन आता कुठे आहे? त्याच कामाच्या जोरावर मी शेजाऱ्यांना तुमचं नाव सुचवलं होतं, आता त्यांना तोंड दाखवायची पंचाईत.

आठवड्यात काम झालं नाही तर तुमच्या अपील प्राधिकरणाकडे जाईन. त्यांना निर्णयासाठी 39 दिवस असतात. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालतात हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर शुल्कही लागत नाही. पॉवर दाखवणाऱ्या ओएनटीच्या पानाचे आणि छाटलेल्या तारांचे फोटो सोबत जोडले आहेत.

माणूस पाठवण्याआधी फोन करा, आणि त्याच्या पिशवीत स्प्लायसिंग मशीन आहे का ते विचारून घ्या. नसेल तर त्याला पाठवू नका.

तुमचा अजूनपर्यंतचा ग्राहक