मशीन आधी उघडून दाखवा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत निवृत्तांच्या छंदांवर अधूनमधून लेख येतात. बागकाम, गाण्याचा क्लास, गडकिल्ले यांच्या जोडीला सुतारकामही असतं आणि शेवटी हमखास एक वाक्य असतं : ‘लागणारी यंत्रं हल्ली कुठेही मिळतात.’ लाकूड कापायचं एक यंत्र घेताना या ‘कुठेही’ने माझे चार महिने खाल्ले. म्हणून हे पत्र.

मी सांगलीच्या गावभागात राहते. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. २०१९ च्या पुरात आमचा खालचा मजला पाण्यात होता, पुढे माडीही उतरवावी लागली. तिचं सागवान वखारवाला मागत होता, पण त्याचा भाव ऐकून द्यायला मन होईना. कड्या, फळ्या आणि दोन दारं मागच्या पडवीत रचून ठेवली. त्यातून पाट, एक देवघर आणि पुस्तकांची मांडणी करायची असा बेत. हातकरवतीने पहिली कडी उभी फाडायला घेतली, तर सकाळची दुपार झाली आणि काप कृष्णेसारखी वळणं घेत गेला. तेव्हा टेबल सॉ घ्यायचं ठरवलं.

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. सपाट टेबलाच्या फटीतून गोल पातं वर आलेलं असतं, ते जागेवर फिरतं आणि लाकूड आपण पुढे सरकवायचं. आपल्याकडे साइटवर सुतार हाच प्रकार स्वतः जुळवतात. हातातला कटर उलटा करून प्लायच्या तुकड्याखाली आवळतात, बटण दाबलेलं राहावं म्हणून चिकटपट्टी गुंडाळतात आणि दिवसभर फर्निचर कापतात. आमच्या गल्लीतले मिस्त्री वर्षानुवर्षं असंच करत आले. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं मधल्या पेराशी संपतात. मी मशीन घेणार म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले, “घ्या बाई, पण माझ्यासारखं नको.”

पहिलं मशीन मी ऑनलाइन मागवलं. दुकानापेक्षा तीन हजारांनी स्वस्त आणि घरपोच. खोकं आलं ते एका कोपऱ्यावर दबलेलं. आणणाऱ्या मुलाला म्हटलं, उघडून बघू या. तो म्हणाला, “आधी ओटीपी सांगा, मॅडम.” सांगितला आणि तिथेच फसले. पातं तिरकं करायचं चाक तडकलेलं होतं. ते एक वेळ चाललं असतं. पण लाकूड जिला टेकवून सरकवायचं, ती फेन्सची पट्टी पुढून घट्ट बसायची आणि मागच्या टोकाला दोन मिलिमीटर पात्याकडे झुकायची. दोन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण लाकूड पुढे जाईल तसं ते पट्टी आणि पातं यांच्यात आवळलं जातं. मग पात्याचे मागचे दात, जे खालून वर येत असतात, ते लाकूड उचलून ढकलणाऱ्याच्या पोटावर भिरकावतात. सवय जात नाही, म्हणून वहीत हिशेब मांडला. पातं दहा इंची, म्हणजे २५४ मिलिमीटर व्यासाचं, घेर ८० सेंटिमीटरच्या आसपास. मिनिटाला ३,६५० फेरे. दाताचा वेग ताशी १७५ किलोमीटर येतो. मिरज जंक्शनवरून सुटणारी एकही गाडी त्या वेगाने धावत नाही.

तक्रार केली. विक्रेता आधी म्हणाला, पैसे परत नाहीत, बदलून देऊ. मग म्हणाला, माल शिल्लक नाही. मग म्हणाला, तंत्रज्ञ पाहणी करील. तंत्रज्ञ पुण्याचा, तो काही आला नाही. मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. विक्रेत्यालाही कळवलं की २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मला सांगलीतच दावा लावता येतो. एकोणिसाव्या दिवशी पैसे परत आले. थर्माकोल मात्र आठ दिवस न टाकता ठेवा, ते नसेल तर परत नेणारे खोक्याला हात लावत नाहीत.

मधेच अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला. तिकडे ‘सॉस्टॉप’ नावाचं मशीन मिळतं, ओलसर कातडीचा स्पर्श पात्याला कळला की पाच मिलिसेकंदांच्या आत ते थांबतं. स्टीफन गॅस नावाच्या पेटंट वकिलाने ते शोधलं. स्वतः भौतिकशास्त्र शिकलेला माणूस, त्यामुळे मला त्याचं विशेष कौतुक. प्रात्यक्षिकात पात्याला सॉसेज लावतात आणि त्यावर जेमतेम एक चरा उठतो. मावशी, घेऊन येतो, म्हणाला. पण तिकडची वीज १२० व्होल्ट, आपली २३०. इथे ते चालवायला मशीनच्या बरोबरीचा ट्रान्सफॉर्मर लागेल. शिवाय पातं थांबवणारा ठोकळा एकदा उडाला की नवा बसवावा लागतो, तो कोण आणून देणार? भाच्याला सांगितलं, येताना मेपल सिरप आण.

मग पुण्याला गेले. रविवार पेठ, बोहरी आळी, दिवसभर पायपीट. हत्यारं घ्यायला मला ही जागा आजही सगळ्यात आवडते. पटाश्या, रंधे, शिकंजे, हवा तो स्क्रू हव्या त्या लांबीत. पण टेबल सॉचं नाव काढलं की माझ्या मागे बघायचे, कुणी पुरुष आहे का म्हणून. “साहेब नाही आले?” असं दोन ठिकाणी विचारलं. साहेब घरी ज्ञानेश्वरी वाचत होते, त्यांना खिळा ठोकायचा झाला तरी मला हाक मारतात. एका दुकानात खोकं दाखवलं, पण सीलबंद. उघडलं तर घ्यावंच लागेल, ही अट. साडी घेताना आपण दहा उलगडायला लावतो, पंखा घेताना दुकानदार तो आपणहून फिरवून दाखवतो. आणि चाळीस हजारांच्या घरातलं, बोटं तोडू शकणारं यंत्र मात्र खोक्यावरचं चित्र बघून घ्यायचं! पुढच्या दुकानात बिलाशिवाय घ्या म्हणाले, जीएसटीचे १८ टक्के वाचतील. वाचतील खरे, पण वॉरंटीही त्याच बिलावर असते. पक्कं बिल आणि त्यावर मशीनचा अनुक्रमांक, याशिवाय पैसे काढू नयेत.

कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात गेले तो दिवस मात्र मजेत गेला. एका कारखान्यात बिडाचं टेबल असलेलं मशीन पाहिलं. खाली दोन हॉर्सपॉवरची मोटर, पट्ट्यावर फिरणारं पातं, बाजूला रंधा जोडलेला. वजन दोनशे किलोच्या वर. टेबलावर एक रुपयाचं नाणं कडेवर उभं केलं, मोटर सुरू केली, नाणं पडलं नाही. मालकांनी चहा पाजला, साहेबांची चौकशी केली नाही. ऑनलाइन मिळणारी हलकी मशीनं या बिडापुढे खेळणी वाटतात. मी घेणारच होते. पण पात्यामागे पट्टी नव्हती.

ही पट्टी म्हणजे इंग्रजीतला रायव्हिंग नाइफ. पात्याच्या पाठीमागे, त्याला न टेकता अगदी जवळ उभा असलेला पोलादी तुकडा, दिसायला अगदी साधा. कापलेली फट तो मिटू देत नाही, त्यामुळे लाकूड पात्याला आवळत नाही आणि उडतही नाही. आमच्यासारख्या जुन्या सागवानाला तर तो हवाच. वर्षानुवर्षं ताणाखाली असलेली कडी फाडायला घेतली की तिची दोन फाकं कापता कापताच वाकायला लागतात. मालकांना विचारलं तर प्रामाणिकपणे म्हणाले, “कोण मागतच नाही बाई. आम्ही दिली तरी लोक काढून टाकत्यात, आडवी येते म्हणत्यात.” मी नमस्कार करून परतले. त्यांनी ती बसवली तर माझ्या मते त्यांचंच मशीन सर्वांत चांगलं, आणि बिघडलं तर तासाभराच्या वाटेवर माणूस.

शेवटी मशीन घेतलं ते सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका मध्यम दुकानातून. ते खूप मोठं नाही की स्वस्तही नाही. पण तिथे एक मशीन उघडून, स्टँडवर लावून ठेवलं होतं. मी पिशवीतून गुण्या, पोलादी पट्टी आणि मार्कर पेन काढलं तेव्हा काउंटरवरचा मुलगा हसला, मालक हसले नाहीत. वायर काढून ठेवली. पात्याच्या एका दातावर खूण केली, तो दात पुढे आणला आणि टेबलात पात्याला समांतर असलेल्या खाचेपासून अंतर मोजलं. मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे नेला, पुन्हा मोजलं. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. तोच दात वापरायचा, कारण दोन दात सारखे बाहेर आलेले असतीलच असं नाही. मग गुण्या पात्याच्या अंगाला लावला, दाताला नाही. फेन्स चार वेळा सोडून परत आवळली, चारही वेळा पुढचं-मागचं माप सारखं आलं. पाठीची पट्टी पात्याच्या रेषेत होती. तिची जाडी पात्याच्या अंगापेक्षा जास्त पण दातांच्या रुंदीपेक्षा कमी असावी लागते, तीही होती. एवढ्याला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मालकांनी दोन गिऱ्हाइकं थांबवून ठेवली, याबद्दल त्यांचे आभार.

मग मी त्यांना विचारलं, पातं बोथट झाल्यावर काय? त्यांनी मागच्या फळीवरून दहा इंची टीसीटी (दातांना कार्बाइडची टोकं असलेल्या) पात्यांची तीन पाकिटं काढून ठेवली, ४० दातांचं उभ्या कापाला, ६० आणि ८० दातांचं आडव्या कापाला आणि प्लायला. हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी विचारावा. पात्याच्या मधलं भोक कुठे एक इंचाचं असतं, कुठे ३० मिलिमीटरचं. आपल्या मशीनचं पातं गावात मिळतच नाही, हे लोकांना पहिलं पातं गेल्यावर कळतं. आमच्या कड्यांत तर जुने खिळे आहेत, चुंबक फिरवून काढते तरी एखादा निसटतोच. आणि विजेचं. १,८०० वॉटचं मशीन आठ अँपिअरच्या आसपास वीज ओढतं, सुरू होताना त्याहून जास्त. घरातल्या ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर ते लावायचं नाही, १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि चांगलं अर्थिंग हवं. खोक्यावर हे लिहिलेलं असतं, इंग्रजीत आणि मुंगीच्या अक्षरात. माहितीपुस्तिकाही इंग्रजीतच. मशीन जे सुतार रोज वापरणार त्यांच्यापैकी किती जणांना ती वाचता येत असेल?

मशीन आलं तेव्हा मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी कडीचा तुकडा ढकलण्याच्या काठीने पार केला, भुसा झटकला आणि पात्याकडे न बघता बराच वेळ त्या पाठीच्या पट्टीकडे बघत राहिले. मग विचारलं, “बाई, ही नुसती पट्टी मिळंल का कुठं? माझ्या कटरला?” नुसती कुठेच मिळत नाही, मी सांगली, मिरज आणि पुण्यातही विचारून पाहिलं. आम्ही दोघांनी पुठ्ठ्याचा नमुना कापला आहे. सात इंची कटरच्या पात्यामागे प्लायलाच बसवता येईल अशी, पात्याकडची कड पात्याच्या गोलाईने वळलेली, दोन मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी आणि तिला धरणारा काटकोनी तुकडा. उद्यमनगरात किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत कुणी लेझर कटिंगवर अशा पन्नास पट्ट्या करून देणार असेल, तर याच सदरातून कळवावं. नमुना घेऊन मी येईन. पहिल्या दहांचे पैसे मी देते, गल्लीत आणि आसपास तेवढे कटर मोजून ठेवले आहेत.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, गावभाग, सांगली