बेडक्याला पुण्याला पाठवताना

नागपूर, रविवार रात्र

प्रिय चिमणे,

तू फोनवर सांगितलेली पोकेमॉन खेळाची हिरवी कॅसेट सापडली. आईच्या शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीखाली होती. गेमबॉय माळ्यावरच्या ट्रंकेत होता. रात्री चार्जरला लावून ठेवला आणि सकाळी पाहतो तर चार्ज झालेला. आज दुकान बंद, म्हणून चहा घेऊन समोरच्या खोलीत तुझ्या जागेवर, खिडकीखाली बसलो आणि सुरू केला.

सुरू होताच पडद्यावर सूचना आली. आतला सेल संपला आहे, खेळ खेळता येईल, पण घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी यापुढे घडणार नाहीत. मी तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतो आहे. बंद पडलेलं घड्याळ नेमकं काय गेलं आणि काय शाबूत आहे हे स्वतःच्या तोंडानं सांगतं, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. क्षणभर पोटात गोळा आला. मग बटण दाबलं तर तुझं नाव, तुझे आठ बिल्ले, सगळं जागच्या जागी. तू बेरी मास्टरच्या घरासमोर उभी राहून खेळ थांबवला होतास. शेजारच्या मातीत तू लावलेल्या बेऱ्यांचे कोंब होते. तेवढेच, इवलेसे. इतकी वर्षं ना वाढले ना सुकले.

तुला भीती वाटत होती की सेल गेला म्हणजे बेडक्या, तुझा लाडका पोकेमॉन, गेला. तसं नाही. तुझ्या मामेभावाच्या सोनेरी कॅसेटचं तसं झालं होतं, कारण त्या जुन्या गोल्ड आणि सिल्व्हर कॅसेटींमध्ये खेळाची आठवणही सेलवरच जगते. सेल संपला की घर रिकामं. तुझ्या या हिरव्या एमराल्डमध्ये आठवण वेगळ्या चिपवर आहे, तिला विजेची गरज नाही. सेल फक्त घड्याळाला लागतो. सीताबर्डीच्या दुकानात गेल्या दोन वर्षांत कॉलेजचे पाच-सहा पोट्टे अशा कॅसेटी घेऊन आले, त्यांच्यामुळे मी हे शिकलो. प्रत्येकजण कॅसेट काउंटरवर ठेवताना जखमी पाखरू ठेवावं तशी ठेवतो. मी त्यांना आधी एवढंच सांगतो की घाबरू नको, आत सगळे आहेत.

बेडक्या आहे. लेव्हल 61. त्याचं पान उघडून मी बराच वेळ पाहत बसलो. तुला आठवतं, तू चौथीत होतीस. मामानं त्याच्या पोराचा जुना गेमबॉय तुला दिला तो मे महिना होता, पारा पंचेचाळीसच्या वर, कूलरला दिवसातून तीनदा पाणी घालावं लागायचं. खेळातल्या प्रोफेसर बर्चच्या पिशवीतल्या तिघांतून तू तो निळा, गालांवर नारिंगी कल्ले असलेला मडकिप निवडलास, कारण 'बाबा, हा पाण्यातला आहे, याच्याकडे पाहून थंड वाटतं'. नाव ठेवलंस बेडक्या. मला तेव्हा त्या खेळाचा राग होता. सुट्टी वाया चालली असं वाटायचं. एक दिवस तू शाळेचा नकाशासंग्रह घेऊन माझ्याकडे आलीस आणि जपानचं पान आडवं धरून म्हणालीस, बाबा, हे क्यूशू बेट असं फिरवलं की खेळातला होएन प्रदेश होतो. मी पाहिलं तर खरंच तसं. त्या दिवसापासून मी तुझ्या शेजारी बसू लागलो. खेळातले बाकीचे प्रदेशही तसेच: कांटो हे तर टोकियोच्या भागाचं खरंच नाव, जोटो म्हणजे क्योटो-ओसाकाकडचा मुलूख, सिनो म्हणजे उत्तरेचं बर्फाळ होक्काइडो. पुढचे तर जपानबाहेरच गेले: कालोस फ्रान्समध्ये, गॅलार इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये, पालदेआ स्पेनच्या बाजूला. तुझा भूगोल त्या वर्षी माझ्यामुळे सुधारला असं आई सगळ्यांना सांगते. तो बेडक्यामुळे सुधारला.

आता तू सिनोत आहेस. पुण्यात कोणाकडून तरी जुना डीएस लाइट, म्हणजे गेमबॉयनंतरचं यंत्र, घेतलास, बर्फ तुडवून आलीस, आणि तुला बेडक्याला तिकडे न्यायचं आहे. फोनवर तू हे बोललीस तेव्हा मी 'हो, पाठवतो' म्हणालो, पण मन मागे ओढत होतं, ते का ते आज लिहितो.

या दुनियेत एका प्रदेशातून दुसऱ्यात जाणं कधी सोपं असतं, कधी नाही. गोल्डमध्ये जोटोतल्या ऑलिव्हाइनहून जहाज निघायचं आणि कांटोतल्या व्हर्मिलियनला लागायचं, गोल्डनरॉडहून चुंबकाची आगगाडी सॅफ्रनला जायची. जा आणि परत या. मला तो प्रवास फार आवडायचा. पण 2002 साली होएन आला आणि मागचा रस्ताच तुटला. जोटोतले सवंगडी तुझ्या त्या गेमबॉयवर आणायची काही सोयच ठेवली नव्हती. जे तिकडे होते ते तिकडेच राहिले. होएनहून सिनोला मात्र रस्ता आहे, पण तो एकाच दिशेचा. डीएसच्या खालच्या खाचेत ही कॅसेट लावायची, सहाजणांना निवडायचं, ते सिनोतल्या पाल पार्क नावाच्या बागेत उतरतात, तिथे त्यांना पुन्हा पकडायचं. आणि इकडच्या कॅसेटमधून ते कायमचे जातात. परत आणता येत नाही.

म्हणजे माझ्या हातातली ही हिरवी कॅसेट बेडक्याविना राहणार. बेरी मास्टरच्या दारात तू उभी असशील, पण सोबत कोणी नसेल. हे मला सोसवेना. घरच्या कॅसेटमध्ये राहू दे त्याला, असं म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं.

मग मी नियम नीट वाचले. त्यात एक अट आहे, ती तुला ठाऊक असेलच. ज्याला एचएमची, म्हणजे वाट उघडून देणारी खास चाल येते त्याला पलीकडे जाता येत नाही. बेडक्याला अशा तीन येतात: सर्फ, वॉटरफॉल आणि डाइव्ह. चौथा भूकंप, तो चालतो. आठव, याच सर्फवर बसून तू होएनचा सगळा समुद्र ओलांडलास. याच डाइव्हनं तळाशी गेलीस. ज्या गोष्टींनी तुला इथवर आणलं, त्याच दारात ठेवून जा असं तो नियम सांगतो. त्यासाठी होएनमधल्या लिलीकोव्हमध्ये एक माणूस आहे, तो चाली विसरायला लावतो. मला हे क्रूर वाटलं. चहा थंड झाला तरी मी त्यावरच विचार करत होतो.

आणि विचार करता करता तुझा मागच्या महिन्यातला फोन आठवला. होस्टेलच्या मेसमध्ये तू 'मी जेवून राहिली' म्हणालीस आणि टेबलावरच्या मुली हसल्या. तू सांगताना हसत होतीस, पण मला ऐकू आलं. त्यानंतरच्या फोनवर तू 'जेवते आहे' म्हणालीस. त्याच्या पुढच्या फोनवर आईला 'काऊन' ऐवजी 'का गं' म्हणालीस. फोन ठेवल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, पोरगी पुण्याची होऊन राहिली.

तुला मी आज हे सांगतो की मला त्याचं वाईट वाटलं नाही. तू लिलीकोव्हला जाऊन आलीस एवढंच. ओलांडायचं तर काही दारात ठेवावं लागतं. सर्फ सिनोतही मिळतो, हे तर तूच मला सांगितलंस: सेलेस्टिक गावातली म्हातारी आजी देते तो. तोच एचएम 03, तीच चाल, फक्त दुसऱ्या हातून. वॉटरफॉल सनीशोरला मिळतो. बेडक्याच्या पानावर तो होएनहून आल्याची नोंद राहील, त्याला पहिल्यांदा ज्यानं सांभाळलं त्याचं नाव आणि नंबरही तोच राहील, तो कुठल्याही प्रदेशात गेला तरी. आणि अलोला प्रदेशातला व्हल्पिक्स पोकेमॉन आठव. कांटोत तो आगीचा, लाल. अलोलाच्या बर्फाच्या डोंगरावर राहून तो पांढरा झाला, बर्फाचा झाला. पोकेडेक्समध्ये, म्हणजे सगळ्या पोकेमॉनच्या यादीत, दोघांचा नंबर एकच, 37. ज्या हवेत राहशील त्या हवेचा रंग तुझ्यावर चढणार. चढू दे. आईला मी हे व्हल्पिक्सचं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग विचारलं, 'पण तिले थंडी तं नाही वाजून राहिली ना तिकडे?' स्वेटर पार्सलमध्ये आहे.

डाइव्हचं मात्र मी तुला खोटं सांगणार नाही. सिनोत समुद्राच्या तळाशी जायला मिळत नाही. तिथे तो तळच नाही. अशा काही गोष्टी इथेच राहतील. तान्हा पोळा पुण्यात नसतो. पाच वर्षांची असताना तू लाकडी नंदीला दोरी बांधून गल्लीभर ओढत फिरायचीस, घरोघरी बोजारा मागायचीस आणि त्या पैशांतून नंदीसाठी झूल घ्यायचीस, स्वतःसाठी नाही. तुझा पहिला सोबती तो. त्याचं पुढचं डावं चाक सारखं निखळायचं, मी घड्याळाची पिन घालून बसवलं होतं. काल कपाटावरून काढून पुसला, पिन अजून घट्ट आहे. पण त्याला तिकडे पाठवून काय करू? तो इथल्या गल्लीचा आहे.

एक काळजी तेवढी आहे. तुला तो तिपेश्वरचा वाघ आठवतो? वॉकर. गळ्यात रेडिओ कॉलर घालून 2019 मध्ये यवतमाळचं जंगल सोडून निघाला, शेतातून, रस्त्यांवरून, तेलंगणात जाऊन परत आला, सगळी मिळून तीन हजार किलोमीटरहून जास्त चाल चालला आणि शेवटी बुलडाण्याच्या ज्ञानगंगेत जाऊन थांबला. तेव्हा आपण दोघं रोज पेपरात त्याचा नकाशा पाहायचो. त्याच्या धाडसाचं सगळ्यांनी कौतुक केलं. पण ज्ञानगंगेत दुसरा वाघ नव्हता. तो एकटाच होता. जंगल चांगलं मिळालं, पण सोबत मिळाली नाही. म्हणून मला ते पोकेमॉनच्या कार्टूनमधलं कधी पटलं नाही, त्यातला पोरगा अ‍ॅश नव्या प्रदेशात निघताना सगळ्यांना प्रोफेसर ओककडे ठेवून फक्त पिकाचूला घेऊन जातो ते. तू म्हणायचीस, बाबा, नाहीतर नव्यांना संधी कशी मिळणार? बरोबर आहे. पण जुना एक तरी लागतोच. पिकाचू नसता तर त्या पोराच्या आईनं त्याला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं, असं मला बाप म्हणून वाटतं.

म्हणून बेडक्याला घेऊन जा. मी अडवत नाही. सकाळी मन मागे ओढत होतं, आता नाही. आणि तिथे विदर्भाकडची एखादी पोरगी असेलच, चंद्रपूरची, अमरावतीची, कुठली तरी. तिला शोध. तिच्याशी पोट भरून 'करून राहिली, जाऊन राहिली' बोल. ती भाषा तुला कुठल्या म्हातारीकडून परत मिळवायची गरज नाही, ती तुला येतेच.

मी स्वतः कॅसेटमध्ये काही बदललं नाही. लिलीकोव्हलाही गेलो नाही. विसरायला तू त्याला स्वतः सांग, ते माझ्या हातून बरं नाही. फक्त घड्याळाचं काम केलं. तीन पात्यांचा स्क्रू काढला, मागची पाठ उघडली, जुना सेल भिंगाखाली पाहिला. सीआर 1616, आपल्या दुकानात ड्रॉवरमध्ये नेहमी असतो, पण इथे त्याला पट्ट्या डाखलेल्या असतात, म्हणून सुट्टा चालत नाही. पट्टीवाला आणून बसवला, दोन्ही टोकांना डाख दिला. आता सुरू केल्यावर ती सूचना येत नाही.

पण हे लक्षात ठेव. घड्याळ पहिल्या दिवसापासून सुरू झालं आहे. तू खेळलीस ती तीनेक वर्षं खेळानं आपल्याकडे मोजून ठेवली आहेत, आणि हे नवं घड्याळ तेवढे दिवस पुन्हा चालून जाईपर्यंत कोंब वाढणार नाहीत. खराब झालं समजू नकोस. बेडक्याला नेलंस की कॅसेट मला परत पाठव, मी मशीनच्या खणात ठेवीन. ते कोंब कधी हलतात ते मला पाहायचं आहे.

पार्सल उद्या सकाळी अजनी स्टेशनला जाणाऱ्या तुझ्या काकाकडे देतो, तो बुधवारी पुण्यात पोचेल. स्वेटर, संत्रा बर्फीचा डबा, गेमबॉय आणि चार्जर आहे. चार्जरची पिन थोडी वाकली आहे, सरळ आत घाल, फिरवू नको. कॅसेट बर्फीच्या डब्यात नाही, स्वेटरच्या उजव्या बाहीत गुंडाळून ठेवली आहे. सेल आज संध्याकाळी सव्वासहाला बसवला.

तुझा,
बाबा