माळावरचा लांडगा टिकवायचा तर आधी गावातल्या कुत्र्यांचं बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या जिल्हा पानावर फोटोसकट बातमी होती, माळावर सोनेरी रंगाचा दुर्मिळ लांडगा दिसला म्हणून. फोटो झक्कास आला होता आणि आमच्याकडच्या सगळ्या व्हॉट्सअप ग्रुपवर तो फिरला, लोकांनी 'आपल्या तालुक्याची शान' वगैरे लिहिलं. पण मला तो बघून धस्स झालं. फोटोवरून ते जनावर काय आहे हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही, डीएनए तपासल्याशिवाय तर नाहीच, तरी असा पिवळसर रंग लांडग्यावर दिसला की पहिली शंका कुत्र्याच्या रक्ताची घ्यायला पाहिजे, आणि बातमीत त्याबद्दल एक ओळही नव्हती म्हणून हे पत्र.

ही शंका माझ्या मनची नाही. पुण्याजवळच्या माळांवर लांडग्यांवर लक्ष ठेवणाऱ्या ग्रासलँड्स ट्रस्टच्या पोरांना असेच वेगळ्या रंगाचे लांडगे दिसले होते, मग बंगळुरूची एनसीबीएस आणि एट्री या संस्थांच्या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी केसांचे नमुने घेऊन जनुकं तपासली, तेव्हा त्यात लांडगा आणि कुत्रा दोघांचं मिश्रण निघालं. 2023 मध्ये ते संशोधन छापून आलं. भारतात लांडगा-कुत्रा संकराचा जनुकीय पुरावा मिळायची ती पहिलीच वेळ, आणि तो मिळाला कुठं, तर आपल्या पुणे जिल्ह्यात. एवढी मोठी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातल्या लोकांना माहीत नाही.

यात घाबरण्यासारखं काय, असं कोणी म्हणेल. लांडगा आणि कुत्रा दोघांचीही गुणसूत्रं 78, त्यामुळे पिल्लं होतात आणि ती पिल्लं पुढे स्वतःही पैदास करतात, घोडा आणि गाढवाच्या खेचरासारखं तिथंच थांबत नाही. एकदा दुधात पाणी पडलं की ते परत काढता येत नाही तसंच हे. आणि आपला लांडगा साधासुधा नाही. 2021 मध्ये पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून जो अभ्यास झाला त्यात दिसलं की भारतातला सपाटीवरचा लांडगा ही जगातल्या लांडग्यांच्या सगळ्यात जुन्या फांद्यांपैकी एक आहे, युरोप अमेरिकेतल्या लांडग्यांपासून फार आधी वेगळी झालेली. संख्या किती, तर 2022 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अंदाज दिला सुमारे 3,170 प्रौढ लांडगे, म्हणजे वाघांपेक्षाही कमी! दुसरीकडे 2019 च्या पशुगणनेत देशात भटकी कुत्री दीड कोटीच्या वर. आता या दोन आकड्यांमध्ये कुठलं रक्त कुठल्या रक्तात विरघळून जाणार ते सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

अजून एक बारीक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. असा संकर बहुतेक वेळा लांडग्याची मादी आणि कुत्र्याचा नर यांच्यात होतो. पेशीतला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळे तेवढाच तपासला तर अशा संकरित पिल्लाचा रिपोर्ट 'शुद्ध लांडगा' म्हणून येणार! म्हणजे स्वस्तातली चाचणी करून आपलं सगळं आलबेल आहे असं समजायची सोय आहे. पेशीच्या केंद्रकातला, आई-बाप दोघांकडून येणारा डीएनए वाचायला पाहिजे, त्याला खर्च येतो, पण वाघावर होतो तेवढा खर्च लांडग्यावर व्हायला काय हरकत आहे? वन्यजीव संरक्षण कायद्यात तर दोघंही पहिल्याच अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षणाच्या यादीत आहेत.

हे कशामुळे होतंय ते माळावर आलं की लगेच कळतं. लांडगा जोडीने राहणारं जनावर आहे, जोडीदार धडधाकट असेल आणि कळप शाबूत असेल तर तो कुत्र्याला जवळ येऊ देत नाही, उलट मारून खातो. पण माळाचे तुकडे पडले, एका बाजूला एमआयडीसी, दुसरीकडे प्लॉटिंग, मधून चौपदरी रोड, आणि रोडवर जोडीतला एक मेला की मागं राहिलेली मादी हंगामात नर शोधत फिरते आणि तिला लांडगा भेटत नाही, कुत्रा भेटतो.

आणि कुत्रा भेटणारच, कारण कुत्र्याला माळावर आपणच नेऊन बसवलंय. आमच्या गावाच्या मागं खाणीचा जुना खड्डा आहे, तिथं रोज सकाळी पोल्ट्रीवरची मेलेली कोंबडी पोत्यात भरून टाकतात. पोती फाटलेली, पिसं बाभळीला अडकलेली, आणि खड्ड्याच्या काठावर पंधरा-वीस कुत्री तट्ट पोटानं पसरलेली. संध्याकाळ झाली की त्याच खड्ड्यावर लांडगाही येतो, त्यालाही आयतं खायला पाहिजेच ना. मागच्या हिवाळ्यात मी तिथं एक जनावर बघितलं, पाय लांबसडक, चाल अगदी लांडग्याची, मान खाली घालून गुपचूप निघून जाणारं, पण रंग गावठी कुत्र्यासारखा पिवळा आणि शेपटी लांडग्यासारखी सरळ खाली न पडता टोकाला वर वळलेली. माझ्याबरोबर मेंढरं चारणारे एक मामा होते, त्यांचा सगळा जन्म माळावर गेलाय. ते लगेच बोलले, "ह्ये लांडगं न्हाय आन् कुत्रं बी न्हाय, ह्येला माणसाचं भ्याव वाटत न्हाय." हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण माणसाला न घाबरणारा लांडगा गावाजवळ आला, कोकरू उचललं की लोक काठ्या घेऊन धावणार आणि त्यात खरे लांडगे मरणार. धनगरांनी इतकी वर्षं लांडगा सहन केलाय, मेंढरू गेलं तर देवाचा वाटा म्हणून सोडून देणारे लोक आजही आहेत, त्यांची ही सहनशीलता आपण फुकट घालवतोय.

रोगाचं तर अजून वेगळंच. रेबीज आणि डिस्टेंपर हे विषाणूचे जीवघेणे रोग कुत्र्यांकडून लांडग्याकडे जातात. इथिओपियातला लांडगा वेगळ्या जातीचा, जगात सगळे मिळून पाचशेच्या आसपास, त्यातले बरेच तिथल्या बाले पर्वतात, तिथं कुत्र्यांकडून आलेल्या रेबीजने वारंवार कळपच्या कळप साफ केले, शेवटी आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांना लस द्यायला लागली आणि साथ आली की लांडग्यांनाही. आणि स्कॉटलंडचं रानमांजर बघा, पाळीव मांजरांशी इतकं मिसळलं की 2019 मध्ये तज्ज्ञांनी सांगितलं की ही रानातली संख्या आता स्वतःच्या बळावर टिकू शकत नाही, मग पिंजऱ्यात पैदास करून 2023 पासून तिथल्या केर्नगॉर्म्स डोंगरांत सोडायला लागले. एवढा श्रीमंत देश, तरी उशीर झाल्यावर काय काय करावं लागतंय. आपल्याकडे अजून सुरुवात आहे, संकर मोजकाच सापडलाय, म्हणून आत्ताच हात घातला तर कमी खर्चात भागेल.

कुत्र्यांवरून 2025 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर टीव्हीवर केवढा गोंधळ झाला, पण सगळी चर्चा शहरातल्या गल्ल्यांची, माळाचं नाव कोणी काढलं नाही. मला कुत्र्यांचा राग नाही, माझ्या दारात दोन आहेत, दोघांचीही नसबंदी आणि लस झालेली आहे. 2023 च्या एबीसी, म्हणजे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या नियमांप्रमाणे हे काम महापालिकांबरोबर पंचायतींचंही आहे, पण ग्रामपंचायतीकडे ना डॉक्टर ना गाडी ना पैसे, ते काम कागदावरच राहतं.

म्हणून तुमच्या पेपरमार्फत जिल्हा परिषद आणि वनविभागाला माझी विनंती आहे. पुरंदर, बारामती, इंदापूर, दौंड इथल्या लांडग्यांच्या माळांना लागून असलेली गावं आधी घ्या, सगळ्या तालुक्याची एकदम नको, आणि तिथल्या मोकाट तसंच पाळीव कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण फिरत्या गाडीने करा, धनगरांच्या कुत्र्यांना वाड्यावर जाऊन फुकट लस द्या. पोल्ट्रीवाल्यांना मेलेली कोंबडी खड्ड्यात चुना टाकून पुरायची सक्ती करा, उघड्यावर टाकणाऱ्याला दंड करा. लांडग्यांची विष्ठा, केस गोळा करून दरवर्षी पूर्ण जनुकीय तपासणी करा. कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू झाली, लोक लांब लांबून लांडगा बघायला येतात, त्या तिकिटाच्या पैशातला वाटा यावर खर्च व्हावा.

आणि तुम्हालाही एक विनंती, पुढच्या वेळी वेगळ्या रंगाच्या लांडग्याचा फोटो आला तर छापायच्या आधी एखाद्या अभ्यासकाला दाखवा आणि जागेचं नाव छापू नका, तुमची बातमी आल्यापासून त्या माळावर रविवारी गाड्यांची लाईन लागतेय आणि बिळाच्या ओढ्यापर्यंत बाईक जातायत.

आपला,
एक वाचक, ता. पुरंदर