बाबांच्या गोळ्या आणि तुझ्या कॅप्सूल

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

बाबांचे गुडघे कसे आहेत, असं तू फोनवर दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी विषय बदलला. तू एवढ्या मायेनं ऑनलाइन मागवून पाठवलेल्या गोळ्या, तुला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले. पण परवा तू म्हणालास, "भूकच लागत नाही आई, रात्री झोप नाही, छातीत धडधडतं, कामाचा ताण असेल." तुझ्या टेबलावरची वजन उतरवायच्या कॅप्सूलची बाटली माझ्या डोळ्यांसमोर आली. म्हणून आज लिहितेच.

बाबांना तिसऱ्याच दिवशी फरक पडला होता, आठवतं? कठडा न धरता जिना उतरले. आपण किती हरखलो! दीड महिन्यानं त्यांचा चेहरा गोल, सुजल्यासारखा दिसायला लागला. चष्म्याच्या काड्या कानशिलांत रुतायच्या. सारखी भूक, रात्रभर टक्क जागे, आणि कधी नव्हे ती रक्तातली साखर वाढलेली. डॉक्टरांनी विचारलं, कोणती औषधं चालू आहेत? बाबा म्हणाले, काहीच नाही. ते खोटं बोलत नव्हते रे. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच, सप्लिमेंट होतं.

मी पिशवीतून बाटली काढून समोर ठेवली. लेबलवर नुसते वनस्पतींचे अर्क. डॉक्टर म्हणाले, "यातल्या कशानंही तीन दिवसांत असा आराम पडत नाही आणि चेहराही असा होत नाही." त्यांना संशय होता स्टेरॉइडचा. बाबा लगेच म्हणाले, आजपासून बंद. त्यावर डॉक्टरांनी त्यांचा हातच धरला. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे आतलं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी करतं. मग ते अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. आणि आपण रोज किती पोटात घालत होतो, हे कुणालाच माहीत नाही! म्हणून आता बाबांना मोजून स्टेरॉइड देताहेत आणि हळूहळू उतरवताहेत.

आपली बाटली वेगळी होती, पण प्रकार जुना आहे. २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनानं, सांधेदुखीच्या 'आर्ट्री किंग' या सप्लिमेंटबद्दल इशारा दिला होता. तपासणीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक सापडलं होतं, लेबलवर दोन्हींचा पत्ता नाही. छुपी औषधं सापडलेली अशी ७७६ उत्पादनं २००७ ते २०१६ या काळातल्या एफडीएच्या नोंदींत आहेत. त्यात सर्वांत जास्त लैंगिक शक्तीची, त्याखालोखाल वजन उतरवायची.

वजनाच्या गोळ्यांत जे वारंवार सापडतं, त्याचं नाव सिब्युट्रामिन. एके काळी ते डॉक्टर लिहून द्यायचे. हृदयविकार असलेल्यांत त्यानं हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असं दिसलं, आणि २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत ते बाजारातून गेलं. भूक मरते, तोंडाला कोरड पडते, झोप उडते, नाडी आणि रक्तदाब वाढतो. तू फोनवर सांगितलंस ते आणि हे शेजारी शेजारी ठेवून बघ. तुझ्या बाटलीत तेच आहे असं मी म्हणत नाही, ते प्रयोगशाळाच सांगेल. पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा. तोवर ती कॅप्सूल घेऊ नकोस. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर उद्याचीही वाट बघू नकोस. बाटली फेकू नकोस, खोक्यासकट सोबत ने, आणि किती दिवस, दिवसातून किती वेळा घेतलीस ते लाजू नकोस, खरं सांग. ईसीजी काढून घे.

बाबा आता पुन्हा कठडा धरून उतरतात. तुझ्यावर जराही रागावलेले नाहीत. हे पत्र लिहायला मला त्यांनीच बसवलं.

डॉक्टरांकडून आलास की फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तुझी,
आई