बॉम्बे स्ट्रीटच्या शेजारून

बेलफास्ट, उत्तर आयर्लंड

प्रिय आई-बाबा,
प्रभूमध्ये सलाम.

आईने सांगितलं, या रविवारीही उपासनेला बाबा उजवीकडे आणि धाकटे काका डावीकडे बसले. प्रभुभोजनाला दोघंही पुढे गेले, पण मान वळली नाही. विहिरीच्या पाळीवरून सुरू झालेलं हे प्रकरण, आता मुलांना वाटतं की आपल्याकडे असंच असतं. बाबा, तुमचं एकच म्हणणं, "मी कुणाच्या अध्यात ना मध्यात." फोनवर विषय काढला की तुम्ही लगेच फोन आईकडे देता. पत्र तरी हातात धरावं लागेल.

इथे बॉम्बे स्ट्रीट नावाची एक गल्ली आहे. नाव वाचून मला आधी हसूच आलं. ऑगस्ट १९६९ मध्ये या गल्लीतली कॅथलिक लोकांची घरं जमावाने जाळली. मग कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट वस्त्यांच्या मध्ये भिंती घातल्या, तात्पुरत्या म्हणून. त्या अजून उभ्या आहेत. घरांच्या मागच्या अंगाला लोखंडी जाळीचे पिंजरे बसवलेत, पलीकडून दगड-बाटली आली तर अडकावी म्हणून. काही रस्त्यांवरची फाटकं आजही रात्री बंद होतात. १९९८ च्या शांतता करारानंतर मारामाऱ्या बहुतेक थांबल्या. पण भिंतीपलीकडे कोण राहतं, त्यांच्याकडे कुणाचं लग्न झालं, कोण गेलं, याचा पत्ता नाही. बाबा, काकूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ते तुम्हाला कुणी सांगितलं?

या गल्लीला लागूनच क्लोनार्डचा मठ आहे. तिथे फादर अ‍ॅलेक रीड होते. (आपल्या घरी फादर लोकांबद्दल काय काय बोललं जायचं ते मला आठवतं, असो.) मार्च १९८८ मध्ये आयआरएच्या, म्हणजे ब्रिटिश राजवटीविरुद्ध हत्यारं घेऊन लढणाऱ्या कॅथलिक बाजूच्या संघटनेच्या, एका माणसाच्या अंत्ययात्रेत दोन ब्रिटिश सैनिकांची गाडी शिरली. जमावाने त्यांना ओढून काढून मारलं आणि पुढे नेऊन गोळ्या घातल्या. फादर धावत तिथे गेले, तोंडाने श्वास देऊन पाहिला, मग रस्त्यावरच गुडघे टेकून प्रार्थना केली. त्या वेळी त्यांच्याजवळ एक पाकीट होतं. सशस्त्र लढ्याची बाजू घेणाऱ्या शिन फेन पक्षाने हिंसेला विरोध करणारे कॅथलिक बाजूचेच नेते जॉन ह्यूम यांच्यासाठी दिलेला मजकूर त्यात होता. पाकिटाला रक्त लागलं. त्यांनी पाकीट बदललं आणि कागद पोचवले.

मी नर्स आहे, पहिला भाग मला कळतो. माणूस पडला की धावायचं असतं. दुसरा भाग जड आहे. ज्यांच्या बाजूच्या लोकांनी डोळ्यांदेखत जीव घेतले, त्यांचाच निरोप पुढे न्यायचा. ह्यूमना त्या बोलण्यांपायी पुढे स्वतःच्या लोकांचेही बोल खावे लागले. २००५ मध्ये आयआरएने शस्त्रं निकामी केली तेव्हा साक्षीला फादर रीड होते आणि त्यांच्यासोबत प्रॉटेस्टंट बाजूचे मेथडिस्ट पाळक हॅरल्ड गुड. एकट्या फादरांच्या शब्दावर पलीकडच्यांनी विश्वास ठेवला नसता.

तुम्हीच आम्हाला मत्तयाचा पाचवा अध्याय पाठ करायला लावला होता. शांती करणाऱ्यांना देवाची मुलं म्हणतील, हे आम्ही घडाघडा म्हणायचो. त्याच अध्यायात पुढे आहे, दान वेदीजवळ आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जा. त्याच्या मनात, बाबा. चूक कुणाची, सातबारा कुणाच्या नावावर, थोरला कोण, हे तिथे विचारलेलंच नाही. थोरल्याने आधी जायचं कसं, हा प्रश्न तुमचा आहे, प्रभूचा नाही. रागावू नका, लेक आहे म्हणून बोलते.

विहिरीची पाळी सोडून द्या असं मी म्हणत नाही. काकांनी भर उन्हाळ्यात मोटर बंद करून ऊस वाळवला, हा अन्यायच होता आणि तो त्यांच्या तोंडावर सांगा. पण त्यांच्या ओसरीवर बसून सांगा, तलाठ्याकडे अर्ज देऊन नको. आईला पुढे पाठवू नका, पाळक साहेबांनाही नको. आई, तू काकूकडे आधीच लपूनछपून जातेस हे मला माहीत आहे, ते तसंच चालू दे.

काका सकाळी सातपर्यंत घरीच असतात, चहाच्या वेळेला जा. पहिल्यांदा ते बोलणार नाहीत, कदाचित घरात निघून जातील. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. बीपीची गोळी घेऊनच निघा, आणि काय झालं ते आईकडून नाही, तुमच्याकडून ऐकायचंय मला. रविवारी फोन करते.

तुमची लेक