ऊस नोंदीत एक रकाना वाढवा

महोदय,

उसावर मावा दिसला की आमच्याकडे पहिला प्रश्न एकच, ‘औषध कुठलं मारू?’ मीही तेच विचारत होते.

वाळवा तालुक्यात माझं दीड एकर रान आहे. मागच्या आडसालीला, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या लागणीला, बेणे (लागणीसाठीची उसाची टिपरी) तोडायला माणसं मिळेनात, म्हणून एका रोपवाटिकेतून 86032 या जातीची एकडोळा (एका डोळ्याच्या टिपरीपासून केलेली) रोपं आणली. रोपं तजेलदार होती, तूटही फारशी पडली नाही. आठव्या महिन्यात मात्र शेंड्याखालच्या पानांच्या मधल्या शिरा खालच्या अंगानं हळदीसारख्या पिवळ्या पडू लागल्या. खताच्या दुकानात फोटो दाखवला तर फेरस सल्फेट गळ्यात पडलं. पुढं पानं टोकाकडून वाळत गेली, शेंड्याच्या कांड्या आखडून पानांचा झुबका झाला, तेव्हा समजलं की हा पिवळ्या पानांचा रोग आहे. विषाणूचा. त्यावर औषध नाही.

तो पसरवणारा मावा 2002 साली आलेल्या लोकरी माव्यासारखा नाही. लोकरी मावा बांधावरूनच दिसायचा. उसातून बाहेर आलं की पदर पांढरा व्हायचा आणि काजळी धरलेल्या वाढ्याला म्हैस तोंड लावायची नाही. हा फिकट पिवळा, ज्वारीवर चिकटा पाडतो तोच. पानाखाली गप बसतो. आजारी बेटाचा रस शोषला की विषाणू त्याच्या अंगात शिरतो आणि तो मरेपर्यंत तिथंच राहतो. गवताळ वाढ हा दुसरा रोग, त्यात बेट गवतासारखं बारीक फुटव्यांचं होतं; तो पसरवायचं काम तुडतुडे करतात. पण माव्याला न् तुडतुड्याला रोग सापडतो तो आपणच लावलेल्या टिपरीत.

रोपवाटिकेत जाऊन विचारलं, बेणे कुठलं होतं? ‘ताई, चांगल्या प्लॉटचंच की.’ तो चांगला प्लॉट बघून आले. खोडवा होता, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, आणि त्यात गवताळ बेटंही उभी होती.

पाडेगावचं संशोधन केंद्र आणि मांजरीची वसंतदादा इन्स्टिट्यूट मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा तीन पायऱ्यांचं बेणे सांगून थकले. 54 अंशांच्या बाष्प उष्ण हवेत अडीच तास ठेवलं तर बेण्यातली गवताळ वाढ आटोक्यात येते. पिवळ्या पानांचा विषाणू मात्र त्यानं जाईलच असं नाही. त्यासाठी ऊतिसंवर्धित (टिश्यू कल्चरच्या) रोपांपासून केलेला बेणेमळाच लागतो. आम्ही भाव विचारतो, रोपांची उंची बघतो, ट्रे उचलतो. यात चूक माझीही आहे.

कारखान्याचा माणूस नोंदीला येतो तेव्हा गट नंबर, जात, लागणीची तारीख, क्षेत्र एवढं लिहून घेतो. तिथंच ‘बेणे कुणाच्या मळ्यातलं, कितव्या पायरीचं’ असा एक रकाना घालावा आणि रोपवाटिकेच्या पावतीवरही तेच छापावं. कागद तोच, पेन तेच. मी यंदा खोडवा ठेवला नाही, रान मोडून सोयाबीन केलं. शेजारच्यानं त्याच रोपवाटिकेतली रोपं परवाच लावली.

– एक ऊस उत्पादक शेतकरी महिला, ता. वाळवा, जि. सांगली