‘लक्ष कुठे होते?’ हा प्रश्न आईला विचारण्याआधी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वर्ष-दीड वर्षाचे मूल पाण्याच्या पिंपात पडल्याची किंवा उकळत्या पाण्याने भाजल्याची बातमी आपल्या जिल्ह्यातील वृत्तपत्रांत अधूनमधून येते. ती बहुधा चार-पाच ओळींची असते आणि ‘खेळता खेळता’ हे दोन शब्द तिच्यात हमखास असतात. पिंपाला झाकण होते का, जिन्याला कठडा होता का, बाटलीवर मूळचे लेबल होते का, याचा उल्लेख मात्र नसतो. तो यावा, अशी आपणांस पहिली विनंती आहे. कारण हा तपशील नसला की गावात आणि नात्यागोत्यात एकच प्रश्न उरतो, तो म्हणजे आईचे लक्ष कुठे होते.

तासगाव तालुक्यातील उपकेंद्रात आरोग्यसेविका म्हणून नोकरीची बरीच वर्षे गेल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला पाठ आहे. आई भाकरी थापत होती, धारेला बसली होती, नळाला पाणी आले म्हणून भांडी भरत होती किंवा धाकट्याला पाजत होती. ज्या घरात एक बाई एका वेळी तीन कामे करते, त्या घरात चोवीस तास डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा असे सांगणे हा सल्ला नव्हे, तो पुढे देण्याच्या दोषाची आगाऊ पावती आहे. रांगत्या मुलाला दार ओलांडून न्हाणीघरापर्यंत जायला जितका वेळ लागतो, तितका वेळ कोणत्याही जागरूक माणसाची पाठ वळतेच. म्हणून माणसाच्या नजरेवर विसंबण्याऐवजी घरातील वस्तूंची जागा, झाकण आणि कडी बदलावी आणि हे बदलण्याची आठवण आरोग्य यंत्रणेने योग्य महिन्यात घरोघरी करून द्यावी, एवढेच या पत्रात मांडायचे आहे.

सध्याचे दिवस यासाठी विशेष जोखमीचे आहेत. दिवाळीच्या सुट्टीत लेकीबाळी माहेरी येतात. पुण्या-मुंबईच्या सदनिकेत मुलापुरती व्यवस्था लावलेली असते, परंतु आजोळच्या घरात कित्येक वर्षांत रांगते मूल वावरलेले नसते आणि ते घर आजी-आजोबांच्या सोयीने मांडलेले असते. त्या घरात एकदा जमिनीवर मांडी घालून बसावे आणि मुलाच्या उंचीवरून काय काय हाताला येते ते पाहावे. कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याची खालची फळी मुलाच्या छातीइतकी असते. तिच्यावर काडेपेटी, तेलाची बाटली, उदबत्तीचा पुडा आणि झाकण सैल झालेली कापराची डबी असते. कापूर हा खडीसाखरेसारखा दिसणारा, पण लहान मुलाला थोडक्या प्रमाणातही विषारी ठरणारा पदार्थ आहे आणि तो पोटात गेल्यावर काही मिनिटांतच झटके येऊ शकतात, ही गोष्ट अजून पुष्कळ घरांत ठाऊक नाही. देव्हारा हलवण्याची गरज नाही, कापूर आणि काडेपेटी वरच्या खणात गेली तरी पुरे.

त्यानंतर आजीची पिशवी पाहावी. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांची पाकिटे उशीखाली, दूरचित्रवाणी संचाशेजारी किंवा कमरेच्या बटव्यात असतात, कारण वेळेवर आठवण व्हावी म्हणून ती हाताशी हवी असतात. मधुमेहाच्या काही गोळ्यांपैकी एकच गोळी लहान मुलाच्या पोटात गेली, तरी त्याच्या रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते आणि हा परिणाम काही तास उशिराही दिसतो, म्हणून मूल हसते-खेळते आहे एवढ्यावरून निश्चिंत राहता येत नाही. दुसरे औषध आमच्याच हातून घरात गेलेले असते. गरोदर मातेला दिली जाणारी लोहाची गोळी लाल रंगाची आणि साखरेचे आवरण असलेली असते, म्हणजे चाटून पाहणाऱ्या मुलाला ती गोड लागते. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असते. दहा किलो वजनाच्या मुलाने अशा दहाएक गोळ्या गिळल्या तर ते प्राणावर बेतू शकते. मातेने गोळ्या घ्यायलाच हव्यात, त्याविषयी दुमत नाही, पण त्या देताना ‘रोज एक घ्या’ याच्या जोडीला ‘थोरल्याचा हात पोहोचणार नाही अशा डब्यात ठेवा’ हेही सांगितले गेले पाहिजे.

द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणी झाली की फवारण्यांना सुरुवात होते आणि बागेतली औषधे घरात येतात. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो आणि त्यांतला लाल सर्वांत जहाल, हे बागायतदाराला सांगावे लागत नाही. अडचण उरलेल्या औषधाची असते. मोठ्या कॅनमधून शंभर-दोनशे मिलिलिटर औषध शेजाऱ्याला द्यायचे किंवा मळ्यात न्यायचे म्हणून ते शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतले जाते आणि तिथेच त्रिकोण, इशारा, औषधाचे नाव सगळे पुसले जाते. बाटली मग सोप्यात दाराआड किंवा मोटारसायकलच्या डिकीत राहते. मुलाला ती बाटली ओळखीची असते, त्यातले पेय त्याने परवाच्या बारशाला प्यालेले असते. यावर सुरक्षित मध्यम मार्ग नाही. औषध मूळ डब्यातच ठेवावे, डबा कुलपाच्या पेटीत ठेवावा आणि कुलपाची किल्ली खुंटीवर टांगू नये. फवारणी करून आलेल्या माणसाने कपडे बदलून, हातपाय धुऊन मगच मुलाला उचलावे, हेही याच ओघात सांगितलेले बरे. उंदरांसाठी लावायच्या औषधाला हाच नियम लागू आहे, आणि पावाला किंवा भजीला लावून ते कोपऱ्यात ठेवणे तर रांगत्या मुलाच्या घरात सर्वस्वी वर्ज्य मानावे.

असे काही पोटात गेल्याचा संशय आला, तर मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. रॉकेल, थिनर किंवा तेलात मिसळलेले औषध उलटीवाटे फुप्फुसांत गेले की दुखणे दुप्पट होते. मुलाला घेऊन निघताना ती बाटली, पाकीट किंवा डबा सोबत न्यावा, कारण उपचाराची दिशा त्यावरून ठरते. वाहन मिळत नसेल तर 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मिरजेसारखे जुने वैद्यकीय केंद्र जिल्ह्यात आहे आणि तालुक्याच्या गावाहून तिथे पोहोचायला फार वेळ लागत नाही, हे आपले भाग्य. पण घरगुती उपायांत गेलेला अर्धा-पाऊण तास हे अंतर वाढवतो.

आता पाण्याविषयी. नळाला एकदिवसाआड पाणी येणाऱ्या गावात पिंप, बॅरल, टाकी आणि जनावरांचा हौद असणारच. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते काठावरून वाकले की तोल पुढे जातो आणि बादलीत वीतभर पाणी असले तरी त्याला स्वतःहून वर येता येत नाही. बहुतेक वेळा आवाजही होत नाही. त्यामुळे वापर झाला की बादली पालथी घालणे, पिंपाला मुलाला उचलता न येणारे घट्ट झाकण ठेवणे आणि न्हाणीघराला बाहेरून, मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर कडी बसवणे, या तीन गोष्टी कोणत्याही घराला परवडतात. डेंग्यूच्या डासांसाठी साठवणीची भांडी झाकून ठेवा, असे आरोग्य खाते वर्षानुवर्षे सांगत आहेच. तेच झाकण दुहेरी काम करते, हे मात्र कुणी सांगत नाही. मळ्यातल्या वस्तीवर राहणाऱ्यांनी विहीर आणि शेततळ्याचाही विचार करावा. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवरून पोहणारा मोठा माणूसही वर येताना घसरतो, म्हणून त्याला कुंपण हवेच.

आंघोळीच्या पाण्याने भाजणे हा याचाच दुसरा भाग आहे. बंबातले किंवा चुलीवरचे कढत पाणी आधी बादलीत ओतायचे आणि मग विसण आणायला वळायचे, ही आपली सवय उलटी करावी: बादलीत आधी गार पाणी, नंतर कढत. पाणी तापवायचा विजेचा रॉड बादलीत सोडून खोलीबाहेर जाणे हे तर विजेचा धक्का आणि भाजणे यांना एकत्र बोलावणे आहे. मूल भाजलेच तर भाजलेल्या जागेवर नळाचे साधे वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे, बर्फ लावू नये, अंगाला चिकटलेले कापड ओढू नये आणि नंतर स्वच्छ ओलसर फडके गुंडाळून डॉक्टरांकडे न्यावे. हळदीची पेठ असलेल्या सांगलीतून हे लिहिताना संकोच होतो, पण भाजलेल्या कातडीवर हळद, टूथपेस्ट, शाई यांपैकी काहीही लावू नये. डॉक्टरांना मग ते आधी खरवडून काढावे लागते.

खाण्याच्या वस्तूंचा उल्लेख या विषयात सहसा होत नाही, परंतु आपल्या जिल्ह्यात तो केला पाहिजे. सांगलीचे भडंग पाहुण्यापुढे आले की मांडीवरच्या नातवाच्या मुठीतही चार दाणे जातात. दाढा न आलेल्या मुलाला अख्खा शेंगदाणा चावता येत नाही. हसताना किंवा पळताना तो श्वासनलिकेत गेला तर दुर्बिणीने काढावा लागतो. द्राक्षाचा अख्खा मणीदेखील तेवढाच धोक्याचा, कारण तो गुळगुळीत असतो आणि घशात बुचासारखा बसतो. दाण्याचा कूट करावा आणि द्राक्षाचे उभे चार काप करावेत, चार-पाच वर्षांपर्यंत एवढा त्रास घ्यावा. दिवाळीत मिळणाऱ्या विजेच्या छोट्या पणत्यांत जो चपटा, नाण्यासारखा बटण सेल असतो, तो तर खाण्याची वस्तू नसूनही गिळला जातो. अन्ननलिकेत अडकल्यास तो दोन तासांच्या आत खोल जखम करू शकतो. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर ती पणती मुलाच्या घरात नको, आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी केळी खायला घालून वाट पाहत न बसता एक्स-रे काढून घ्यावा.

वॉकरविषयी दोन शब्द. जुना लाकडी पांगुळगाडा आणि आजचा चाकांचा वॉकर यांत फरक आहे. पांगुळगाड्यात मूल स्वतःच्या पायांवर, गाड्याच्या मागे उभे राहते आणि पाय थांबले की गाडाही थांबतो. वॉकरमध्ये ते आत बसते आणि अंगच्या बळापेक्षा वेगाने उंबऱ्याकडे, जिन्याकडे, चुलीकडे जाते. कॅनडाने 2004 मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे मामाने बारशाला वॉकर आणणे अजून कौतुकाचे मानले जाते. वरचा मजला पुढे बांधायचा म्हणून गच्चीला कठडा न करता लोखंडी सळया उभ्या सोडलेली घरे गावोगाव आहेत. त्या गच्चीच्या दाराला तरी कुलूप असावे, आणि जिन्याच्या गजांमधून दहा सेंटिमीटरचा चेंडू आरपार जात असेल तर तिथे जाळी बांधावी.

हे सारे सांगायचे कुणी आणि केव्हा, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी नवी योजना किंवा नवे कर्मचारी नकोत. बालकांच्या गृहभेटींच्या 2018 पासूनच्या कार्यक्रमानुसार आशा कार्यकर्ती मूल तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात असताना घरी जातेच. नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेलाच्या पहिल्या लसीसाठी मातादेखील सत्राला येते. नेमके तेव्हाच मूल रांगू लागलेले असते आणि धरून उभे राहण्याच्या बेतात असते. त्या भेटीत वजन, आहार यांच्या जोडीला आशाताईंनी घरातून एक चक्कर मारावी, पिंप, औषधे, देव्हारा, जिना आणि फवारणीची पेटी पाहावी आणि एक-दोन बदल आपल्यासमोरच करून घ्यावेत. त्यासाठी नवीन रजिस्टर मात्र देऊ नये. आधीचीच भरता भरता त्यांचा दिवस संपतो. शिवाय हे बोलणे केवळ मातेशी होऊ नये. पेटीची किल्ली वडिलांकडे असते, गोळ्या आजीकडे असतात आणि कडी बसवायला सुताराला पैसे आजोबा देतात, म्हणून ते सगळे घरी असतील अशी वेळ भेटीसाठी निवडावी.

जिल्हा परिषदेच्या आरोग्य व महिला-बालकल्याण विभागांनी अंगणवाडीत होणाऱ्या पुढच्या लसीकरण सत्रापासून हे सुरू करावे, आणि कृषी विभागाने औषध दुकानदारांना सुटे औषध दुसऱ्या बाटलीत ओतून देण्यास मनाई असल्याचे फलक या हंगामातच लावायला सांगावे, अशी आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्यसेविका,
तासगाव, जि. सांगली